ग्रंथींच्या आधीचे संप्रेरक

अंतःस्रावी ग्रंथीतून निघून रक्तावाटे दूरच्या इंद्रियापर्यंत पोहोचणारा रासायनिक निरोप्या म्हणजे संप्रेरक, अशी व्याख्या आपण शाळेत शिकवतो. स्टारलिंग यांनी १९०५ मध्ये 'हार्मोन' हा शब्द वापरला, तेव्हाची ही कल्पना. प्रौढ शरीरापुरती ती चालते. भ्रूणाच्या हृदयापाशी मात्र अडखळते. शिकवताना आपण याची दखल घेत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

कोंबडीचे अंडे घेऊ. खुडूक कोंबडी २१ दिवस अंडी उबवते, हे कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील मुलांना सांगावे लागत नाही. सांगायचे ते असे, की ऊब मिळाल्यापासून सुमारे दीड दिवसात भ्रूणाचे हृदय आकुंचन पावू लागते. इन्शुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडाचा अंकुर त्यानंतर, तिसऱ्या दिवसाच्या सुमारास फुटतो. रक्ताभिसरणही पहिल्या ठोक्यांनंतरच सुरू होते. म्हणजे ग्रंथी नाही आणि वाहते रक्तही नाही. तरीही कोंबडीच्या अंड्यात व कोवळ्या भ्रूणात इन्शुलिन असते, असे फ्लोरा द पाब्लो व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले.

मग तेथे ते काय करते? लावा पक्ष्याच्या भ्रूणातील, पुढे हृदय होणाऱ्या पेशींची वाढ इन्शुलिनमुळे जोमाने होते, असे १९९६ मध्ये अमेरिकेत आढळले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी व सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणांना बाहेरून इन्शुलिन दिले. भ्रूणाची जडणघडण वेगाने झाली आणि काही जनुकांची अभिव्यक्ती बदलली, हा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्यातले हे काम आपल्या वर्गांत पोहोचायला हवे.

पण 'इन्शुलिन हृदय घडवते' असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. बाहेरून दिलेल्या द्रव्याला भ्रूण प्रतिसाद देतो, एवढेच अशा प्रयोगातून कळते. निसर्गात ते काम तेच द्रव्य करते का, हे ठरवायला ते द्रव्य अडवून काय बिघडते ते पाहावे लागते. शिवाय कोणत्या पेशींनी हृदय व्हायचे, हे ठरण्यात शेजारच्या थरातून येणाऱ्या बीएमपी या प्रथिनांचा मोठा वाटा असतो, हे १९९७ मध्ये कोंबडीच्याच भ्रूणात दिसून आले. हा निरोप रक्तातून जात नाही. एक पेशी तो शेजारणीला देते.

अंड्यावरून थेट माणसावर उडी घेणेही टाळावे. आईचे इन्शुलिन वारेतून गर्भाकडे जवळजवळ जात नाही. साखर मात्र जाते. मधुमेह आटोक्यात नसलेल्या मातेच्या बाळाला हृदयदोषाचा धोका वाढतो. मानवी हृदय तर सुमारे २२व्या दिवशी, दिवस गेल्याचे कळण्याआधीच, धडधडू लागते. म्हणून साखर गर्भधारणेपूर्वीच ताब्यात हवी. वरच्या वर्गांतील मुलामुलींना हे कळायलाच हवे.

शिक्षकांनी एवढे करावे. उबवणीखालचे गावठी अंडे चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर धरावे, रक्तवाहिन्यांचे जाळे दाखवावे आणि अंडे परत कोंबडीखाली ठेवावे. दुकानातले अंडे बहुधा अफलित असते, ते चालणार नाही. मग विचारावे: ग्रंथी नव्हत्या, तेव्हा पेशी एकमेकींशी कशा बोलत होत्या? व्याख्या पुसू नये. ती कोठे संपते, तेवढे दाखवावे.