घरदुरुस्तीचे संकेतस्थळ : आराखड्याचा भाषिक विचार

घरदुरुस्तीचा लहान व्यवसाय करणाऱ्याचे संकेतस्थळ हा भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा विषय आहे, असा समज सामान्यतः आढळतो. आराखडा तंत्रज्ञाने करावयाचा, चित्रे चित्रकाराने पुरवावयाची आणि उरलेल्या चौकटींत भाषांतरकाराने मजकूर भरावयाचा, अशी कामाची वाटणी ठरून गेलेली असते. ह्या वाटणीतच मूळ दोष आहे. गिऱ्हाईक योग्य कारागिरापर्यंत पोहोचते की नाही, हे ज्या निर्णयांवर अवलंबून असते, त्यांतील बरेचसे निर्णय भाषिक असतात. आणि भाषांतरकाराला पाचारण होण्यापूर्वीच ते घेतले गेलेले असतात.

सर्वांत आधी येतो तो वर्गीकरणाचा प्रश्न. नळकाम, वीजकाम, सुतारकाम, रंगकाम अशी नामांची यादी मुखपृष्ठावर मांडण्याचा प्रघात आहे. ही यादी व्यावसायिकाच्या दृष्टीने केलेली असते. गिऱ्हाईक मात्र व्यवसायाचे नाव घेऊन येत नाही. ते तक्रार घेऊन येते, आणि तक्रार हे वाक्य असते. नळ ठिबकतो, मोरी तुंबली, पावसाळ्यात दार फुगले, कडी बसत नाही, भिंतीला ओल आली, ही त्या वाक्यांची मासलेवाईक उदाहरणे होत. ह्यांतील शेवटचे वाक्य विशेष विचारार्ह आहे. ओल वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून उतरलेली असेल, बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या तड्यातून आलेली असेल किंवा भिंतीतील नळी फुटल्यामुळे पसरलेली असेल. काम गवंड्याचे की नळकारागिराचे, हे तपासणीनंतरच कळावयाचे. असे असता गिऱ्हाइकाला आधी व्यवसाय निवडावयास लावणे म्हणजे रोग्यालाच निदान करावयास सांगणे होय. म्हणून रचनेचा पायाभूत घटक तक्रारीचे वाक्य हा असला पाहिजे. व्यवसायाचे नाव त्याच्या मागून यावे.

शोधयंत्रांना माहिती पुरविण्यासाठी गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू ह्यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ह्या शब्दसंग्रहातही हाच दोष दिसतो. त्यात घरकाम व बांधकाम ह्या व्यवसायवर्गाखाली नळकारागीर, वीजतंत्री, रंगारी, कुलूपकार, छपराचा कंत्राटदार असे पोटप्रकार आहेत. सुतार आणि गवंडी ह्यांना मात्र तेथे स्वतंत्र स्थान नाही. अमेरिकी घराचे व अमेरिकी श्रमविभागणीचे ते प्रतिबिंब आहे. ती चौकट यंत्रासाठी वापरावी ह्यास हरकत नाही. परंतु तिच्यावरूनच मराठी पानाची रचना करणे हे परक्या घराचा नकाशा आपल्या घरावर लादण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न शोधाचा. मराठीत विभक्तिप्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘पाणी’चे ‘पाण्या-’ होते, आणि अनेकवचनात ‘पायरी’चे ‘पायऱ्या’ होते. अक्षरशः जुळणी करणाऱ्या शोधचौकटीत ‘पाणी’ हा शब्द घातला, तर ‘पाण्याची टाकी’ हे पान हाती लागत नाही. मालकाने ‘नळगळती’ लिहिले असेल, तर ‘नळ गळतो’ असे लिहिणाऱ्याची निराशा होते. ह्यात लेखनभेदाची भर पडते. ‘पायऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निराळ्या संकेतक्रमांनी साधता येतो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात. परंतु युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. डोळ्यांना दिसणारे साम्य यंत्राला दिसत नाही, ह्याची जाणीव आराखड्यातच ठेवावी लागते.

तिसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची व ओळखीची. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘दुरुस्ती’ ह्या शब्दात अशी आठ चिन्हे आहेत. पत्त्यात टक्केचिन्हांनी संकेतबद्ध झाल्यावर त्यांची बहात्तर होतात, आणि तसा पत्ता कोणाला पाठविल्यास तो वाचता येत नाही. म्हणून पत्ता आखूड रोमन लिप्यंतरात व मजकूर देवनागरीत ठेवणे व्यवहार्य ठरते. मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण मात्र पानाच्या आरंभी असलीच पाहिजे. ती असेल तर, टंकात सोय असल्यास, ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात. ती नसेल तर अंधांसाठीचे वाचकयंत्र सारा मजकूर हिंदी आवाजात वाचण्याचा संभव असतो, आणि ‘चौकट’, ‘जाळी’ ह्यांतील दंततालव्य उच्चार हरपतात. पानाची भाषा यंत्राला कळली पाहिजे, ही २००८ च्या वेब सुलभता मार्गदर्शक तत्त्वांतील अगदी पहिल्या पातळीची अट आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, चार कारागिरांच्या व्यवसायाला हा खर्च परवडणारा नाही. आक्षेप वरवर सबळ दिसतो. परंतु रूपविश्लेषणाची महाग यंत्रणा येथे अपेक्षितच नाही. फोनवर आलेल्या तक्रारी महिनाभर जशाच्या तशा टिपून घ्याव्यात, प्रत्येकीची चार-पाच रूपे हातानेच नोंदवावीत, फोन क्रमांक चित्रात न ठेवता मजकुरात ठेवावा. एवढ्याने बरेच साधते. दुसरा धोका शुद्धीकरणाचा आहे. ‘प्लंबर’ व ‘लीकेज’ हे शब्द लोकांच्या तोंडी रुळलेले असताना त्यांच्या जागी घडविलेले संस्कृत शब्द तेवढे ठेवणे, हे इंग्रजी आराखड्याच्या अंध अनुकरणाइतकेच गिऱ्हाइकाला दूर लोटणारे आहे. रुळलेला शब्द आणि देशी शब्द दोन्ही नोंदीत असावेत.

तक्रारींचा असा संग्रह कोशकार्याच्या दृष्टीनेही मोलाचा ठरेल. ओल येणे, पोपडे निघणे, तुंबणे, ठिबकणे, झिरपणे ह्या क्रियापदांच्या अर्थच्छटांचे प्रदेशवार संकलन हा पदव्युत्तर प्रबंधिकेचा विषय सहज होऊ शकतो. ते काम भाषाविभागांनी अंगावर घेतले नाही, तर त्या शब्दांची निवड भाषांतराच्या यंत्रावर सोपविली जाईल. आणि भर पावसात छत गळत असलेल्या घरातील माणसाला आपलीच तक्रार आपल्या भाषेत कोठे सापडणार नाही.