शेजारधर्म : चाळीतला आणि उपनगरातला

पु. ल. देशपांडे यांचे 'बटाट्याची चाळ' हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून वाचकवर्गात एक समजूत दृढ झाली आहे. ती अशी की, खरा शेजारधर्म मुंबईच्या चाळींतच नांदला, आणि माणसे उपनगरांत राहावयास गेली तेव्हा तो मागेच राहिला. ही समजूत प्रत्यक्ष पुस्तकाच्या कसोटीस उतरते काय, एवढेच आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

पुस्तक नीट वाचणारास दिसेल की, चाळीतला शेजार निवडीचा नसून अडचणीचा आहे. सामाईक नळ, सामाईक गॅलरी व पातळ भिंत यांनी तो लादलेला आहे. त्यातच १९४७ च्या कायद्याने भाडी जुन्या दरावर रोखून धरल्यामुळे मुंबईतील चाळींची बिऱ्हाडे पिढ्यान्‌पिढ्या हलली नाहीत. पंतांनी उपास आरंभिला की सगळी चाळ सल्ला देण्यास धावते. त्या धावण्यात आस्था किती व चोंबडेपणा किती, हे लेखकाने वेगळे केलेले नाही. विनोदाचे मर्म तेथेच आहे. 'एक चिंतन' या अखेरच्या प्रकरणात मात्र हुरहुर वरचढ होते व हा तोल किंचित ढळतो, असे आमचे मत आहे. दुर्दैवाने वाचकांच्या स्मरणात तेवढेच राहिले.

आता दुसरी बाजू पाहू. स्वतः लेखकाचे बालपण जोगेश्वरी व पार्ले या उपनगरांत गेले. पार्ल्यात लोकमान्य सेवा संघासारखी संस्था १९२३ सालीच उभी राहिली. मग उपनगरात शेजार नव्हता असे कोण म्हणेल? फरक इतकाच की, तेथे मध्ये कुंपण होते. शेजाऱ्याकडे जावयाचे तर मुद्दाम उठून जावे लागे.

तथापि एक श्रेय चाळीस दिलेच पाहिजे. हौसेचा शेजार आवडत्यास शोधतो. सक्तीच्या शेजारास नावडताही टाळता येत नाही. एकाकी म्हातारा, चिडखोर भाडेकरू, वर्गणी न देणारा, यांच्याही दाराची उघडझाप चाळीत कोणाच्या तरी नजरेस पडतच असे. आज चाळी पाडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. त्यांत सक्ती नाही आणि हौसही क्वचितच. तेव्हा जे दार चार दिवस उघडले नाही ते ठोठावणे आता कोणाचे काम, हे प्रत्येक वाचकाने स्वतःस विचारावे. इतके थोर पुस्तक केवळ उसासे टाकण्यासाठी वाचणे हा त्याच्यावर अन्याय होय.