‘खरे’, ‘स्पष्ट’ आणि ‘प्रामाणिक’ : मतप्रदर्शनाच्या उपोद्घातांविषयी

नगर-पुणे रस्त्यावरील सुपा (ता. पारनेर) हे औद्योगिक वसाहतीचे गाव. अशा गावातील मराठी माध्यमातून शिकलेल्या तरुणाला मुलाखतीत इंग्रजीतून मत मांडावे लागते, तेव्हा ‘टु बी ऑनेस्ट’ म्हणावे की ‘टु बी फ्रँक’, असा पेच पडू शकतो. मराठीच्या आधाराने तो सोडवू गेल्यास दोन्ही प्रयोग ‘खरे सांगायचे तर’ या एकाच प्रयोगात सामावतात. वरवर पाहता हा इंग्रजीच्या अध्यापनाचा प्रश्न आहे. वस्तुतः तो मराठी समीक्षाव्यवहारालाही येऊन भिडतो.

इंग्रजीतील ‘ऑनेस्ट’चे मूळ सन्मानवाचक लॅटिन शब्दात आहे, तर ‘फ्रँक’चा जुना अर्थ ‘मुक्त’ असा आहे. पहिल्याने वक्ता आपली प्रतिष्ठा पणाला लावतो, दुसऱ्याने तो संकोचाचे बंधन झुगारतो. म्हणूनच स्वतःची उणीव कबूल करताना पहिला प्रयोग शोभतो आणि समोरच्याला न रुचणारे सांगताना दुसरा.

मराठीतही हा भेद आहे. मात्र त्याची विभागणी निराळी आहे. ‘खरे सांगायचे तर’ यात आतापर्यंत झाकलेले उघड करण्याचा भाव आहे. ‘स्पष्टच सांगायचे तर’ यातील ‘च’ श्रोत्याच्या नाराजीची जाणीव आधीच नोंदवतो. ‘निर्भीड’ या शब्दात ‘भीड’ गृहीत आहे, आणि भीड ही भिकेची बहीण, असे लोकोक्ती सांगते. ‘रोखठोक’मध्ये बाजारातील रोखीचा व्यवहार आहे : उधारी नाही, जे द्यायचे ते जागेवर. ‘मोकळेपणाने’ हा प्रयोग ‘फ्रँक’ला सर्वांत जवळचा, परंतु त्यात दुखावण्याची शक्यता नसून आपुलकीची अपेक्षा असते.

या प्रयोगांचे कार्य समजून घेण्यास एच. पी. ग्राइस यांची मांडणी उपयुक्त ठरते. संभाषणात वक्ता सत्य आणि सुस्पष्ट बोलतो, हे श्रोता गृहीतच धरतो, असे त्यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात प्रतिपादिले. मग सत्याची वेगळी ग्वाही कशासाठी? गृहीत असलेली गोष्ट उच्चारली की ती विशेष ठरते, आणि आधीचे बोलणे तितके खरे नव्हते की काय, अशी शंका डोकावते. हा उपोद्घात विश्वास निर्माण करीत नाही. असलेला विश्वास खर्च करतो.

समीक्षेत हा खर्च अधिक जाणवतो. ‘परखड’, ‘सडेतोड’, ‘निर्भीड’ ही विशेषणे समीक्षकाच्या वृत्तीविषयी बोलतात, साहित्यकृतीविषयी नव्हे. ‘प्रामाणिकपणे सांगायचे तर’ या अलीकडे रुळलेल्या, इंग्रजी वळणाच्या प्रयोगाने तर एक मौलिक अर्थच झाकोळला आहे. ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’पासून आला. मूळ अर्थाने प्रामाणिक ते, ज्याला प्रमाणाचा आधार आहे. ‘ऑनेस्ट’चा पर्याय म्हणून वापरताना त्याचा भार प्रमाणावरून वक्त्याच्या शीलावर सरकतो. परिणामी मताची चिकित्सा करणे म्हणजे माणसावर अविश्वास दाखवणे, असे समीकरण तयार होते, आणि वादाची वाटच बंद होते. पुरावा उधारीवर ठेवून केलेली समीक्षा कितीही झोंबरी असली तरी तिला रोखठोक म्हणता येणार नाही.

उलट उदाहरण नगर जिल्ह्याशी निगडित वाङ्मयातच आहे. राहुरी-नगर परिसरात आयुष्याचा महत्त्वाचा काळ घालवलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, संसारातील ओढाताण आणि स्वतःचे सोवळेओवळे, हे सारे त्यांनी सांगितले. त्या कथनाची विश्वासार्हता सच्चेपणाच्या ग्वाहीवर उभी नाही. ती प्रसंगाच्या तपशिलावर उभी आहे. तेथे प्रसंग हेच प्रमाण आहे.

अर्थात हे प्रयोग त्याज्य नव्हेत. समोरासमोरच्या बोलण्यात ते नात्याची काळजी घेतात. मुलाखतीतील तरुणाला त्यांची गरज आहे, आणि कोणता निवडावा याचा निकषही सोपा आहे : झाकलेले स्वतःचे असेल तर ‘ऑनेस्ट’, न रुचणारे दुसऱ्याविषयी असेल तर ‘फ्रँक’. समीक्षकाची स्थिती निराळी आहे. त्याने ‘प्रामाणिक’ हे क्रियाविशेषण म्हणून मताआधी जोडण्याऐवजी मताचे विशेषण म्हणून कमवावे. ते कमावले आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार वाचकाचा.