परजीवी रोगांचा प्रसार व नियंत्रण यांविषयीचे महाविद्यालयीन संशोधन : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून गेल्या काही दशकांत जे संशोधन झाले, त्यात परजीवी कृमींच्या अभ्यासाचा वाटा लक्षणीय आहे. शेळी, मेंढी, कोंबडी व गोड्या पाण्यातील मासे यांच्या आतड्यांतील पट्टकृमी गोळा करणे, त्यांची जात निश्चित करणे आणि ऋतूनुसार प्रादुर्भावाची टक्केवारी मांडणे, हा या अभ्यासाचा रूढ साचा होय. मराठवाडा विद्यापीठात प्रा. जी. बी. शिंदे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या शाखेस बळ दिले आणि पुढे ती ग्रामीण महाविद्यालयांपर्यंत पोहोचली. अशा निबंधांच्या शेवटी बहुधा एक विधान असते : सदर अभ्यास रोगनियंत्रणास उपयुक्त ठरेल. हे विधान म्हणजे मेंढपाळाला आणि शेतकऱ्याला दिलेले आश्वासनच होय. ते कितपत पाळले जाते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके संदर्भ म्हणून घेतले आहेत.

रूढ पद्धतीचे गुण व मर्यादा

या परंपरेचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. साधे सूक्ष्मदर्शक, हिमॅटॉक्सिलिनचे रंगद्रव्य आणि कॅमेरा ल्युसिडा एवढ्या सामग्रीवर अनेक विद्यार्थ्यांना निरीक्षणाची शिस्त येथेच लाभली. मोनिएझिया, स्टिलेसिया, एविटेलिना, रायलिएटिना, सेंगा या प्रजातींची ओळख तालुक्याच्या महाविद्यालयात होऊ लागली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

तथापि पहिली मर्यादा स्थळासंबंधी आहे. आतडी बहुधा मटणाच्या दुकानातून किंवा कत्तलखान्यातून आणली जातात. मंचर किंवा नारायणगाव येथे कापलेली शेळी चाकणच्या बाजारातून आलेली असू शकते आणि तिला लागण तिसऱ्याच तालुक्यातील कुरणात झालेली असू शकते. मोनिएझियाची अंडी गवताच्या मुळाशी राहणाऱ्या ओरिबॅटिड माइट या सूक्ष्म जीवांच्या पोटात जातात आणि ते जीव चाऱ्याबरोबर खाल्ले गेल्यावर जनावरास लागण होते. म्हणजे रोगाचे खरे स्थळ कुरण आहे, दुकान नव्हे. निबंधाच्या शीर्षकात तालुक्याचे नाव असते. परंतु ते जनावर कापल्याचे ठिकाण सांगते, रोग लागल्याचे नव्हे.

दुसरी मर्यादा सरासरीची होय. या दोन तालुक्यांच्या पश्चिमेस नाणेघाट व भीमाशंकरचा अतिवृष्टीचा पट्टा आहे. मध्यभागी माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे व डिंभे या कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी आणि कालवे आहेत. पूर्वेस आणे पठार व लोणी-धामणी हा अवर्षणप्रवण भाग आहे. ज्या कृमीचे जीवनचक्र ओलाव्यावर अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत या तिन्ही पट्ट्यांची एकच टक्केवारी काढल्यास ती कोणत्याही पट्ट्याविषयी खरे सांगत नाही. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन रकाने पाडले, तरी बारमाही कालव्याकाठची परिस्थिती त्यांत बसत नाही.

तिसरी मर्यादा नव्या जातींच्या हव्यासाची आहे. अॅश, शोल्झ, ओरोस व कर यांनी २०११ मध्ये मागूर माशातील कॅरिओफिलिडियन पट्टकृमींचे पुनरावलोकन केले. वर्णन झालेल्या ५९ जातींपैकी केवळ ८ त्यांनी ग्राह्य ठरविल्या. ग्राह्य न ठरलेल्यांत महाराष्ट्रातून वर्णिलेल्या जातीही होत्या. मृत माशातील कुजू लागलेला किंवा दोन काचपट्ट्यांत दाबून चपटा झालेला कृमी आकाराने बदलतो. त्या मापांच्या आधारे जात वेगळी मानली, तर असे होणे अपरिहार्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी प्रकाशनांना गुण जोडले. त्यानंतर मोजता येईल असे लेखन करण्याचा मोह वाढला असल्यास नवल नाही. परंतु चुकीच्या नावाची किंमत केवळ वर्गीकरणशास्त्र मोजत नाही. एकाच कृमीची दहा नावे झाली, तर त्याचा प्रसार कोठे व किती आहे हे कोणालाच जुळवता येत नाही.

दोन उदाहरणे

प्रसाराचा मार्ग शोधणारे संशोधन कसे असते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे रुग्ण असल्याचे गाडगीळ व शहा यांनी १९५२ मध्ये नोंदविले. रुग्ण सापडल्यावर काम थांबले नाही. गावच्या पाण्यातील गोगलगायी तपासल्या गेल्या आणि फेरिसिया टेन्युइस या लहानशा गोगलगायीकडे मध्यस्थ पोशिंदा म्हणून लक्ष वेधले गेले. रुग्ण, पाणी व गोगलगाय ही साखळी एकाच गावात पाहिली गेली, हे या कामाचे मोठेपण आहे.

दुसरे उदाहरण नारूचे. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. या रोगावर लस नव्हती आणि कृमी मारणारे औषधही नव्हते. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो, त्याच्या पायातील कृमी पाण्यात अळ्या सोडतो, सायक्लॉप्स त्या गिळतो आणि ते पाणी पिणाऱ्यास नारू होतो, एवढा मार्ग मात्र स्पष्ट माहीत होता. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने पाणी फडक्यातून गाळणे, विहिरीत टेमेफॉस टाकणे, सुरक्षित पाण्याची सोय करणे आणि रुग्णास पाण्यात उतरू न देणे या उपायांनी तो मार्ग तोडला. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. नियंत्रण शक्य झाले ते मार्ग ठाऊक असल्यामुळे.

जुन्नर-आंबेगावपुढील प्रश्न

हीच दृष्टी या दोन तालुक्यांना लावल्यास तीन प्रश्न समोर येतात. पहिला, यकृतातील पर्णकृमीचा. फॅसिओला जायगँटिका या कृमीस लिम्निया गोगलगाय लागते आणि ती संथ पाण्याच्या कडेला वाढते. कालव्याच्या कोणत्या पाझरावर व धरणाच्या कोणत्या काठावर, कोणत्या महिन्यात या गोगलगायींतून अळ्या बाहेर पडतात, याची नोंद झाली तर त्या काळात तेथे जनावरे चारू नयेत, असे शेतकऱ्यास नेमकेपणाने सांगता येईल.

दुसरा, हायडॅटिड गाठींचा. एकिनोकॉकस हा कृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याच्या गाठी मेंढीच्या व माणसाच्याही यकृतात आणि फुफ्फुसात होतात. धनगरांच्या वाड्यावर कुत्रा असतोच. मेंढी कापल्यावर गाठी असलेले अवयव कुत्र्यास टाकले की चक्र पूर्ण होते. येथे संशोधकाने आतड्यापेक्षा यकृत व फुफ्फुस पाहिले पाहिजे आणि वाड्यावरील रीतही समजून घेतली पाहिजे. असे अवयव पुरणे व कुत्र्यांना प्राझिक्वान्टेल देणे हे उपाय खर्चिक नाहीत.

तिसरा, अंकुशकृमीचा. पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी व ठाकर कुटुंबे भातलावणीसाठी ओल्या मातीत अनवाणी उतरतात. अंकुशकृमीची अळी पायाच्या त्वचेतूनच शिरते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते व ते योग्यच आहे. परंतु गोळी पोटातील कृमी काढते, मातीतील अळी नव्हे. शिवाय शेतात राबणारी मोठी माणसे त्या दिवसाच्या कक्षेत येत नाहीत. पुन्हा लागण किती दिवसांत होते, हा प्रश्न स्थानिक महाविद्यालयाने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने हाती घेण्याजोगा आहे.

निष्कर्ष

वर्गीकरणाचे काम थांबवावे, असे येथे सुचवायचे नाही. नावाशिवाय प्रसाराचा अभ्यास होत नाही. मात्र प्रत्येक नमुन्याबरोबर जनावर कोठे चरत होते याची नोंद असावी. कृमीचा काही भाग अल्कोहोलमध्ये राखावा, म्हणजे पुढे डीएनए तपासता येईल. नमुने आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रासारख्या संग्रहात जमा व्हावेत. टक्केवारी तालुक्याची न काढता पाणवठ्याची व कुरणाची काढावी. यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. गावाची माहिती असलेला विद्यार्थी हवा आणि तो ग्रामीण महाविद्यालयातच असतो. कुरण, कालवा व वाडा येथे जाऊन झालेल्या संशोधनासच रोगनियंत्रणास उपयुक्त हे विधान शोभेल. तोवर ते निबंधाच्या शेवटी लिहिण्याचा अधिकार आपण जपून वापरला पाहिजे.