चौदाव्या लुईची दोन कोरीव चित्रे

राजाचे चित्र पाहिले म्हणजे राजा पाहिला, अशा समजुतीने आपण इतिहासाच्या पुस्तकांची पाने उलटीत असतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची दोन कोरीव चित्रे शेजारी ठेवली म्हणजे ही समजूत किती भाबडी आहे हे ध्यानात येते.

पहिले चित्र रोबेर नांतय याने १६६४ साली कोरले. १६६० च्या राजाज्ञेने कोरीव चित्रकलेस कारागीर-संघांच्या बंधनांतून मोकळे केले होते. (ही मोकळीक निव्वळ कलाप्रेमाने मिळाली, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही.) नांतय राजास समोर बसवून आधी रेखाटी आणि मग तांब्याच्या पत्र्यावर कोरी. लंबवर्तुळ चौकटीत केवळ छातीपर्यंतची छबी. डोक्यावर मुकुट नाही, राजदंड नाही, किंबहुना तो धरावयास हातही दिसत नाहीत. गालांची कांती आखूड रेघा व ठिपके यांतूनच उमटते. माझारँच्या मृत्यूनंतर, १६६१ पासून, सर्व कारभार स्वतःच्या हाती घेतलेला हा पंचविशीतील राजा आहे, आणि त्याची नजर एवढीच त्याची राजमुद्रा आहे.

दुसरे चित्र पिएर द्रव्हे याचे, रिगोच्या १७०१ मधील प्रचंड तैलचित्रावरून कोरलेले. मूळ चित्र स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवासाठी योजिले होते, पण ते व्हर्सायमध्येच राहिले. बाहेर हिंडले ते कागदावरचे ठसे. रंग गेले, निळा झगा व तांबड्या टाचा केवळ काळ्या रेघांत उरल्या. तरी रेशीम, फर, झालर यांतील भेद द्रव्हेने निव्वळ रेघांच्या वळणांनी असा साधला आहे की, बोट फिरवून पाहावेसे वाटते. या कसबास तोड नाही. परंतु साठी ओलांडलेल्या राजाचा चेहरा त्या वस्त्रसंभारात हरवतो. थॅकरेने १८४० मध्ये झगा निराळा व झग्याविना म्हातारा निराळा काढून याच चित्राची थट्टा केली, ती अनाठायी नव्हती.

सत्तेचे खरे चित्र आम्ही नांतयचेच मानतो. दुसऱ्यात सत्ता आहे, पण तिला वस्त्रांचा आधार घ्यावा लागला आहे. वर्गात लुई शिकविताना बहुधा रिगोचेच चित्र हाती येते. त्याशेजारी नांतयचे ठेवावे आणि या दोहोंपैकी कोणत्या राजास मुकुट जवळ ठेवावा लागला, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.