तापाची रात्र आणि आपली चरित्रे

गेल्या ५ डिसेंबरच्या रात्री चैत्यभूमीला निघायचे म्हणून भाकऱ्या बांधून ठेवल्या होत्या. धाकटीला एकाएकी ताप भरला, जाणे राहिले. कपाळावर घड्या ठेवीत जागताना रमाई आठवली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न. चार लेकरे गेली, एकटे यशवंतराव उरले. मी वाचलेली बहुतेक चरित्रे हे दुःख बाबासाहेबांच्या त्यागाच्या खात्यात जमा करतात आणि लगेच महाडकडे वळतात. परळच्या चाळीत राजरत्नाच्या उशाशी कोण जागले, औषधाला पैसे कुठून आले, हे विचारीत नाहीत. ‘त्यागमूर्ती’ म्हणून हात जोडले की विचारायची गरजच उरत नाही! मला पगार आहे, दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे. तरी पहाटेपर्यंत माझे हात कापत होते.