दालनाबाहेरची कला : नांदेड–लातूरकडे बघण्याच्या दोन उसन्या मापांविषयी

नांदेडला किंवा लातूरला नव्याने राहायला आलेल्या माणसाने 'इथे बघायला काय आहे?' असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. गुरुद्वारा, गंजगोलाई, सवड असेल तर माहूर. प्रश्न जरा बदलून 'इथली कला कुठे बघायला मिळेल?' असा केला, की समोरचा घुटमळतो. 'त्यासाठी औरंगाबादला जावे लागेल, नाहीतर पुण्याला,' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की त्या वाक्याचीच तपासणी करावीशी वाटली. मी या भागात बाहेरून आलेला. माझ्याकडे कलेची पदवी नाही, पुरातत्त्वाचीही नाही. वाचन आणि पायपीट एवढेच भांडवल.

या वाक्यामागे एक माप आहे. जिथे चित्रांचे दालन आहे, प्रदर्शने भरतात आणि त्यांची परीक्षणे छापून येतात, तिथे कला आहे असे आपण धरून चालतो. हे माप मुंबईत घडले. तिथे १८५७ साली जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्याभोवती चित्रकार, ग्राहक व समीक्षक असा व्यवहार उभा राहिला. त्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. तो १९४८ साली मुक्त झाला आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. म्हणजे दालन नसण्यामागे राजकीय इतिहास आहे. त्या अभावावरून इथल्या माणसांच्या कलादृष्टीविषयी निष्कर्ष काढणे चूक आहे.

दुसरे माप शिल्पाचे. औसा तालुक्यातील खरोसा लेण्यांचे उदाहरण घ्या. जेम्स बर्जेस याने बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरच्या १८७८ च्या अहवालात त्यांची दखल घेतली आहे. आजचा प्रवासी मात्र वेरूळ बघून इथे येतो आणि निराश होतो. मूर्ती झिजलेल्या, चेहरे पुसट. पण वेरूळ बेसॉल्टमध्ये कोरलेले आहे आणि खरोसा जांभ्यात. जांभा कापायला सोपा, पण त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागावर बोटांची नखे किंवा दागिन्यांची नक्षी टिकत नाही. अशा दगडात काम करणाऱ्याला मोठ्या आकारांवर आणि शरीराच्या झोकावर भिस्त ठेवावी लागते. खरोशाची शैव–वैष्णव शिल्पे तशी बघितली, तर त्यांतला जोर जाणवतो. वेरुळची पट्टी लावली, की दिसते ती फक्त झीज.

याहून घातक आहे 'हेमाडपंती' हा शब्द. देगलूर तालुक्यातील होट्टल, मुखेड, निलंगा, सगळीकडची मंदिरे या एका शब्दात बसवली जातात. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. होट्टलची मंदिरे त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत. ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, निलंग्याहून फार लांब नाही. श्रीनिवास रित्ती आणि ग. चिं. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह १९६८ साली प्रसिद्ध केला. त्यात कन्नड लेखांचे प्रमाण पाहिले, की हा प्रदेश कोणत्या सांस्कृतिक वर्तुळात होता ते कळते.

'हेमाडपंती' म्हटले, की चुन्याविना दगडावर दगड रचण्याची युक्ती तेवढी लक्षात राहते. शिल्पकार आणि त्याचे घराणे, मंदिराला दान देणारे, भिंतीवरच्या सुरसुंदरींची निवड हे प्रश्न विचारायचे राहून जातात. निलंग्याच्या नीळकंठेश्वर मंदिरात तीन गाभारे आहेत. शिव, विष्णू आणि हरगौरी एका मंडपाभोवती आणण्यामागे काही विचार असणार. तो विचार शोधायचा, तर आधी ते लेबल बाजूला ठेवावे लागते.

'स्थानिक' या शब्दाचा अर्थही इथे सोपा नाही. नांदेडचा सचखंड गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवला. गोदावरीकाठी पंजाबची वास्तुरीत आली. लातूरची गंजगोलाई १९१७ ची म्हणून सांगितली जाते. मधोमध गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. बाजार कसा वाहावा याची इतकी स्पष्ट आखणी पुष्कळ मोठ्या शहरांतही सापडणार नाही. कन्नड लेख, पंजाबी घुमट, निजामी काळातला बाजार हे सगळे इथलेच आहे. सीमेवरच्या प्रदेशाची कला मिश्र असते. तिला शुद्धतेची कसोटी लावली, तर हाती काही लागणार नाही.

आता जिवंत कलेकडे येऊ. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, वाघ्या–मुरळी, तमाशाचे फड आणि जिल्हा परिषदेचा लावणी महोत्सव. महोत्सवामुळे कलावंतांना मंच व मानधन मिळते, हे मोलाचे आहे. पण तिथे सादर होते ते पाहून एक शंका येते. बैठकीच्या लावणीतली अदा चार हातांवरून बघायची असते. एकाच ओळीचा अर्थ भुवई, बोटे आणि नजर यांनी पुन्हा पुन्हा फिरवला जातो. हजारोंच्या मंडपात, ध्वनिवर्धकावर, ठरावीक मिनिटांत ती अदा पोचत नाही. मग जे लांबून दिसते तेच उरते : ठेका, गिरकी, शिट्ट्या. दोष कलावंताचा नाही, अंतराचा आहे. याच महोत्सवात शंभर माणसांची एक बैठक वेगळी ठेवता येईल. पण असे सुचवायला आधी कुणीतरी लावणीचे परीक्षण लिहिले पाहिजे. आपल्याकडे छापून येते ते गर्दीचे वृत्त.

संगीतातही हेच. पं. नाथराव नेरळकर नांदेडचे. अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकले. पुढे त्यांची मोठी कारकीर्द औरंगाबादला झाली आणि त्यांचे नाव त्या शहराशी जोडले गेले. ज्या गावाने गायक घडवला, त्या गावातल्या शिकवणीचा इतिहास मात्र आठवणींतच राहतो.

वास्तविक या भागात समीक्षेची परंपरा नाही असे म्हणता येणार नाही. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवत होते. भरताच्या नाट्यशास्त्रावर आणि सौंदर्यविचारावर त्यांनी इथे बसून लिहिले. १९८२ साली ते गेले. त्यांचा वारसा आपण व्याख्यानांतून जपला. पण होट्टलची भिंत किंवा माळेगावचा फड यांच्यासमोर उभे राहून तशी चिकित्सा करणारे हात थोडेच.

नांदेड–लातूरला दालन हवेच. चित्र काढणाऱ्या मुलांना आपले काम टांगायला भिंत लागते. पण त्याआधी तालुकावार नोंद हवी : मूर्ती कुठे आहे, दगड कोणता, लेख आहे का, फड कोणाचा, गुरू कोण. हे काम शाळेतला शिक्षक, छायाचित्र काढणारा तरुण, निवृत्त तलाठी यांनाही जमण्यासारखे आहे. नोंद नसलेल्या मूर्तीला जीर्णोद्धारात तैलरंग फासला गेला, तर काय गेले हे सांगता येत नाही; आणि नोंद नसलेला फड मोडला, तर तो मोडल्याची बातमीही होत नाही.